पापण्यांतले आणि त्वचेतले माइट्स: ओळख, निगा आणि उपचार

चेहऱ्यावर डेमोडेक्स माइट्स, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे, अजिबात नाहीत असा प्रौढ माणूस सापडणं कठीण. केसांच्या मुळाशी आणि तेलग्रंथींमध्ये ते राहतात, आपल्याच तेलावर आणि पेशींवर जगतात, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. त्यांची संख्या फार वाढली किंवा त्वचा त्यांच्यावर चिडली, की मग त्रास सुरू होतो. म्हणून उपचारांचं उद्दिष्ट सुरुवातीलाच पक्कं करा: संख्या कमी करायची आणि कमी ठेवायची. एकूण एक किडा संपवण्याचा चंग बांधून जे पापण्यांवर जहाल तेलं चोळतात आणि अंगावर कीटकनाशकं लावतात, त्यांच्या डोळ्यांची आणि कातडीची हानी बऱ्याचदा त्या उपायांनीच जास्त होते.

महिनोन् महिने डोळे चुरचुरताहेत, थेंबांची एकेक बाटली संपतेय, रांजणवाडी पुन्हा पुन्हा येतेय आणि कारण कळत नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे. अंगावर काहीतरी वळवळतंय या जाणिवेने ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठीही आहे.

आधी ओळख पटवा

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे एका किड्यासाठी दुसऱ्या किड्याचा उपाय करत बसणं. म्हणून हा टप्पा घाईने उरकू नका.

डेमोडेक्सच्या दोन जाती माणसावर राहतात. फॉलिक्युलोरम ही साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांबीची जात केसाच्या मुळाशी डोकं खाली करून असते, एकाच छिद्रात अनेकदा तीनचार. ब्रेव्हिस ही त्याहून आखूड. ती तेलग्रंथींच्या आत खोल शिरते, पापणीच्या काठावरच्या तेलग्रंथींतही. दोन्ही अर्धपारदर्शक आहेत, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. तुम्हाला काळे ठिपके, पांढरे धागे किंवा उडणारं काही दिसत असेल, तर ते दुसरं काहीतरी आहे.

खरूज वेगळी. तिचा माइट, सार्कोप्टिस, कातडीच्या वरच्या थरात बीळ खणून अंडी घालतो. रात्री असह्य खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेभोवती, जननेंद्रियांवर बारीक पुरळ, आणि घरात आणखी कोणालातरी खाज, ही तिची खूण. मोठ्या माणसांत खरूज चेहऱ्यावर सहसा येत नाही. तान्ह्या बाळांत आणि फार वृद्ध माणसांत येऊ शकते. पहिल्यांदाच लागण झाली असेल तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे 'आमच्याकडे कोणाला काही नाही' या उत्तरावर विसंबू नका.

पापण्यांच्या केसांना उवा आणि लिखाही लागतात. त्या बारकाईने पाहिल्यास दिसतात: केसाला घट्ट चिकटलेले दाणे आणि मुळाशी बसलेली चपटी ऊ. लहान मुलाच्या पापण्यांत त्या आढळल्या तर घरगुती इलाज न करता मुलाला डॉक्टरांना दाखवा, कारण लागण कुठून झाली हे बघणंही तिथे गरजेचं असतं.

धुळीतले माइट्स गाद्या-उशांत राहतात. ते चावत नाहीत, कातडीत घरही करत नाहीत; त्यांच्या विष्ठेची ॲलर्जी येते आणि शिंका, दमा, डोळ्यांची खाज असा त्रास होतो. पक्ष्यांच्या घरट्यांतले किंवा उंदरांवरचे माइट्स माणसाला चावतात, पण माणसावर त्यांची वीण होत नाही. घरटं किंवा उंदीर हटवले की तो प्रश्न संपतो, अंगाला काही लावत बसण्याची गरज नसते.

पापण्यांवर डेमोडेक्स वाढल्याच्या खुणा

सकाळी उठल्यावर पापण्यांच्या काठाला खाज. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपणं. काठ लालसर, सुजलेले. केस गळणं, विरळ होणं किंवा वाकडे वाढून डोळ्याला टोचणं. वारंवार रांजणवाडी किंवा पापणीत गाठ. दिवस मावळेपर्यंत डोळे जड होणं. यातलं प्रत्येक लक्षण इतर कारणांनीही येतं, पण एक खूण जवळपास फक्त डेमोडेक्सचीच आहे. ती नीट समजून घ्या.

चांगल्या उजेडात, भिंग किंवा मोठं करून दाखवणारा आरसा घेऊन बसा आणि घरातल्या कोणाला तरी तुमच्या वरच्या पापणीकडे बघायला सांगा. तुम्ही खाली बघा. समोर बघताना केसांची मुळं झाकलेली राहतात. नजर खाली गेली की ती उघडी पडतात. केस जिथून बाहेर येतो अगदी तिथे, त्याच्याभोवती मेणचट, अर्धपारदर्शक गळपट्टा बसलेला दिसतो का? कोंड्याचे पापुद्रे केसावर कुठेही अडकतात आणि सहज निघतात. हा गळपट्टा मात्र मुळाला वेढून बसतो आणि केस वाढला की त्याबरोबर थोडा वर सरकतो. मेलेल्या पेशी, माइट्सची अंडी आणि त्यांचा मळ यांचा तो बनलेला असतो. तो दिसला तर नेत्रतज्ज्ञांकडे जाताना हे आवर्जून सांगा. कितीतरी तपासण्यांत रुग्णाला खाली बघायला सांगितलंच जात नाही आणि हीच खूण नजरेआड राहते. 'खाली बघून मुळं तपासता का?' असं विचारायला अजिबात संकोच करू नका.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे नेत्रतज्ज्ञांच्या डोळे तपासायच्या भिंगाच्या यंत्राखाली, हा गळपट्टा स्पष्ट दिसतो. खात्री हवी असेल तर डॉक्टर एखाददुसरा केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. चेहऱ्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ त्वचेचा वरचा पातळ थर काचेच्या पट्टीवर घेऊन मोजणी करतात. एका चौरस सेंटिमीटरला पाचपेक्षा जास्त माइट्स सापडले तर संख्या वाढली आहे असं धरतात. नुसते माइट्स सापडले, त्रास काहीच नाही, तर उपचारांचीही गरज नाही.

चेहऱ्यावर ही वाढ गालांवर लाली, बारीक पुरळ, खरखरीत कातडी आणि क्रीम लावल्यावर आग होणं अशा रूपात दिसते. रोझेशियाशी, म्हणजे चेहरा दीर्घकाळ लाल राहण्याच्या त्वचाविकाराशी, तिचा जवळचा संबंध आहे. मुरूम समजून वर्षानुवर्षं मुरमांची औषधं लावलेले लोक यात पुष्कळ असतात.

वाढ का झाली ते शोधा

वयाबरोबर माइट्सची संख्या वाढत जाते, त्याला इलाज नाही. तेलकट त्वचा, रोझेशिया आणि कमी झालेली प्रतिकारशक्ती ही इतर कारणं. पण हातात असलेलं मोठं कारण म्हणजे चेहऱ्यावर लावलेलं स्टिरॉइड क्रीम. ते लावलं की लाली दोन दिवसांत उतरते आणि माणूस खूश होतो. खाली मात्र त्वचेचा स्थानिक प्रतिकार मंदावतो आणि माइट्सना मोकळं रान मिळतं. क्रीम थांबवलं की लाली दुपटीने उसळते, म्हणून पुन्हा तेच क्रीम. तुमच्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखं नाव असेल आणि ते बरेच दिवस चेहऱ्याला लागत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि थांबवायचं कसं ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. गोरेपणाच्या काही क्रीममध्येही स्टिरॉइड मिसळलेलं असतं, तेव्हा घटक वाचा. टॅक्रोलिमससारख्या मलमांनीही काहींच्या त्वचेत ही वाढ होते.

रोजची पापण्यांची निगा

ही निगा सकाळी एकदा आणि झोपण्याआधी एकदा. एखादी वेळ चुकणार असेल तर सकाळची चुकवा, रात्रीची नको: माइट्स उजेड टाळतात, अंधारात छिद्रांतून बाहेर येऊन फिरतात आणि वीण करतात.

हात साबणाने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा. स्वच्छ, मऊ कापड गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. ऊब सुखाची वाटली पाहिजे, चटका बसता कामा नये. साधारण ४० अंश सेल्सिअस पुरतं. मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा. कापड दीडदोन मिनिटांतच गार होतं, म्हणून शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. एकदा ठेवून तसंच दहा मिनिटं पडून राहिलात तर शेकच होत नाही. शेकाने पापणीच्या ग्रंथींतलं घट्ट झालेलं तेल पातळ होतं आणि गळपट्टे सैल होतात. रोझेशिया असेल आणि उष्णतेने चेहरा पेटत असेल, तर शेक थोडका आणि कोमट ठेवा.

लगेच मालिश. बोटाच्या पेराने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे दोन्हीकडे काठाच्या दिशेने हलकेच दाबत न्या. बुबुळावर जोर देऊ नका. काचबिंदू असेल किंवा नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मालिश नको.

मग सफाई. पापण्यांसाठी बनवलेला वाइप, किंवा पापण्यांचा क्लेन्झर लावलेला कापूस घ्या. डोळा मिटा, वरची पापणी किंचित वर ओढून धरा आणि केसांच्या मुळांवरून आडवं, छोट्या छोट्या फेऱ्यांनी पुसा. लक्ष मुळाकडे हवं. केसांची टोकं पुसून काही साधत नाही. खालच्या पापणीसाठी वर बघा आणि तसंच पुसा. दुसऱ्या डोळ्याला नवीन वाइप. चिकटलेले गळपट्टे नखांनी किंवा चिमट्याने ओढू नका, केस मुळासकट येतो. भुवया, नाकाच्या बाजू आणि कपाळही सौम्य फेसवॉशने धुवा, कारण तिथला साठा राहिला तर पापण्यांवर पुन्हा चढाई होते. पूर्वी पातळ केलेला बेबी शाम्पू सर्रास सुचवला जायचा. चालतो, पण काहींचे डोळे त्याने आणखी कोरडे पडतात. पर्याय असेल तर पापण्यांसाठीचाच क्लेन्झर घ्या.

टी ट्री तेलाबद्दल स्पष्ट बोलायला हवं

टी ट्री तेलातला टर्पिनेन-४-ऑल हा घटक डेमोडेक्सला मारतो, हे खरं आहे. पण बाजारातल्या बाटलीतलं शुद्ध तेल पापणीला लावणं धोक्याचं आहे. थेंबभर डोळ्यात गेलं तर बुबुळाच्या वरच्या थराला भाजल्यासारखी इजा होते. नारळाच्या किंवा इतर तेलात अंदाजाने मिसळून लावण्याचे सल्लेही पाळू नका, कारण प्रमाण घरी नीट साधत नाही. तीव्र प्रमाणातलं तेल दवाखान्यात, डोळा बधिर करून, प्रशिक्षित हातांनीच लावतात. घरी वापरायचं तर कमी प्रमाणातले तयार वाइप्स वापरा. आधी कानामागे किंवा कोपराच्या आत दोन दिवस लावून बघा, या तेलाची ॲलर्जी अनेकांना येते. २०२० मध्ये वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने या तेलावरच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा पुरावा कमी खात्रीचा निघाला. शिवाय जास्त प्रमाणातला टर्पिनेन-४-ऑल पापणीच्या तेलग्रंथींच्या पेशींनाही बाधतो, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासात दिसलं आहे. माझं मत असं: पहिल्या काही आठवड्यांत मदत म्हणून ठीक, कायमची सवय म्हणून नको. हायपोक्लोरस आम्लाचा फवारा सौम्य असतो आणि जिवाणू कमी करतो, पण डेमोडेक्स मारण्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

डॉक्टरांकडची औषधं

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लोटिलॅनर ०.२५ टक्के हे थेंब डेमोडेक्समुळे होणाऱ्या पापण्यांच्या सुजेसाठी मंजूर केले. या आजारासाठी खास मंजूर झालेलं तिथलं हे पहिलंच औषध. ते माइटच्या मज्जासंस्थेवर काम करून त्याला लुळं करतं. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा, सहा आठवडे. घातल्यावर थोडी जळजळ होते. लेन्स काढून थेंब घाला आणि पंधरा मिनिटांनी परत लावा. सगळ्या देशांत ते मिळत नाही. मिळत नसेल तिथे नेत्रतज्ज्ञ निगा, वाइप्स आणि गरजेप्रमाणे आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध असा मार्ग काढतात.

चेहऱ्यासाठी १ टक्का आयव्हरमेक्टिन क्रीम दिवसातून एकदा लावतात. पहिल्या आठवड्यात काहींची लाली आधी वाढते आणि मग उतरते, तेव्हा घाबरून लगेच थांबवू नका, डॉक्टरांना कळवा. हे क्रीम डोळ्यांजवळ आपल्या मनाने लावायचं नाही. फारच वाढ असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या दिल्या जातात, वजनाप्रमाणे. जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिन माणसाने घेऊ नये. त्यातली तीव्रता वेगळी असते आणि त्यातून विषबाधा झालेली आहे.

किती दिवस?

डेमोडेक्सचं आयुष्य साधारण दोन ते तीन आठवड्यांचं. औषध मोठ्या माइट्सना मारतं, पण अंड्यांवर फारसं चालत नाही, म्हणून अंड्यांतून निघालेली पुढची पिढीही उपचारांच्या काळातच सापडावी लागते. सहा आठवड्यांचा हिशोब इथून आला आहे. पहिल्या पंधरा दिवसांत फारसा फरक न दिसणं हे नेहमीचं आहे आणि नेमके तेव्हाच लोक कंटाळून सोडतात. आरशात रोज बघू नका. दर दोन आठवड्यांनी, त्याच खिडकीशी, त्याच वेळी पापण्यांचा फोटो काढा. त्यातला फरक खरा. बरं वाटल्यावर रात्रीची सफाई आठवड्यातून काही वेळा तरी चालू ठेवा, नाहीतर काही महिन्यांत संख्या पुन्हा वाढते.

जुना मस्कारा आणि आयलायनर टाकून द्या, नवा तीन महिन्यांपलीकडे वापरू नका, कोणाला देऊ नका. त्रास असेपर्यंत नकली पापण्या नकोत. उशीचे अभ्रे आणि टॉवेल आठवड्यातून एकदोनदा गरम पाण्यात धुवा, एवढं पुरे. डेमोडेक्ससाठी घरात औषधफवारणी करणं, गाद्या फेकणं, पाळीव प्राण्यांना दूर करणं यातलं काहीही करू नका. माणसाचा डेमोडेक्स माणसावरच राहतो. जोडीदाराला लक्षणं असतील तर मात्र दोघांनी एकदमच उपचार घ्या.

खरूज निघाली तर

तिथे नियम उलटे आहेत. घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी उपचार करायचे. ५ टक्के पर्मेथ्रिन क्रीम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, बेंबीत, बोटांच्या बेचक्यांत लावून ८ ते १४ तास ठेवायचं आणि मग आंघोळ. हात धुतले तर त्यांना पुन्हा लावायचं. आठवड्याने पुन्हा एकदा. बाळं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी डॉक्टरांनाच विचारा. मागच्या तीन दिवसांतले कपडे आणि चादरी कडक गरम पाण्यात धुवा. धुता न येणारं सामान पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा, कारण माणसापासून दूर हा माइट सहसा दोनतीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. माइट्स मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. ती ॲलर्जीची खाज असते, त्यासाठी पर्मेथ्रिनचे थरावर थर लावत राहिलात तर कातडी जळून आणखी खाजते. अंगावर जाड खपल्या धरल्या असतील तर ते खरजेचं गंभीर, फार झपाट्याने पसरणारं रूप असतं. लगेच दवाखाना गाठा.

मनावरचा भार

माइट्स घाणेरडेपणामुळे होतात ही समजूत खोटी आहे. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होतात. डेमोडेक्स नवा आजारही नाही. जर्मन डॉक्टर गुस्ताव सिमोन यांनी १८४२ मध्ये मुरमांच्या संदर्भात त्याचं वर्णन केलं होतं. त्याला गुदद्वार नसतं, म्हणून तो चेहऱ्यावरच फुटून मरतो, असं भडक वर्णन करून पुष्कळ माल विकला जातो. २०२२ मध्ये त्याच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात त्याला गुदद्वार असतं असं दाखवलं गेलं. अशा वर्णनांनी झोप घालवू नका.

खाज मुख्यतः सुजेमुळे येते, किड्यांच्या चालण्यामुळे नव्हे. म्हणून अंगभर वळवळ जाणवत असेल, तपासण्यांत मात्र काही सापडत नसेल, तर ती जाणीव खोटी ठरत नाही. फक्त तिचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. थायरॉइड, बी-१२ची किंवा लोहाची कमतरता, मधुमेहातला मज्जातंतूंचा त्रास, मूत्रपिंड आणि यकृताचे आजार, रजोनिवृत्ती, काही औषधं, या सगळ्यांनी अंगावर काहीतरी फिरल्यासारखं वाटतं. रक्ततपासण्या करून घ्या. डबीत कण गोळा करणं, तासन् तास कातडी खरवडणं, ब्लीच किंवा रॉकेल लावणं इथवर वेळ आली असेल, तर तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना तसं सांगा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जायचा सल्ला मिळाला तर जा. या जाणिवेवर चालणारी औषधं आहेत आणि त्यांनी लोक पुन्हा शांत झोपू लागतात. घरच्यांनीही 'तुझ्या मनाचे खेळ' म्हणून उडवून लावू नये. रात्रभर न झोपलेल्या माणसाला त्या वाक्याने आणखी एकटं पाडलं जातं.

या लक्षणांत वाट पाहू नका

डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, दिसायला अंधूक झालंय किंवा एकच डोळा लालभडक झालाय, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. पापणीचा त्रास बुबुळापर्यंत पोचलेला असू शकतो. पापणीतली गाठ पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल आणि तिथले केस गळत असतील, तर ती माइट्सची म्हणून सोडून देऊ नका. क्वचित तिथे कर्करोग असतो आणि तुकडा काढून तपासावा लागतो.